इंदूर: बाबांची लवंगी फुलं गाळतेय, काय करू?

लोकमान्यनगरचं_छत
नमस्कार मंडळी. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. प्रश्न मिरचीचा आहे, पण थोडं लांबण लावून सांगते. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

बाबा नोकरीत असताना बरीच वर्षं सनावदला होते. शनिवारी घरी यायचे तेव्हा पिशवीत कागदाची एक पुडी असायचीच. पुडीत बोटाच्या पेरापेक्षा लहान, झाडावर आकाशाकडे तोंड करून लागणारी मिरची. घरात तिला लवंगीच म्हणत. बाबांच्या ताटात मिठाशेजारी ही एक मिरची नसली तर ते पहिला घास घ्यायचे नाहीत. गेल्या माघात बाबा गेले. त्यांचं कपाट आवरताना कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी सापडली, आत बी आणि त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'लवंगी, सनावद'. मोजून १९ बिया होत्या. मार्चच्या सुरुवातीला १२ पेरल्या, ५ उगवल्या, ४ जगल्या. ७ अजून डबीत आहेत.

आता मे संपत आलाय. रोपं गुडघाभर झालीत, पानं गर्द हिरवी, फुलं भरपूर. पण रोज सकाळी फरशीवर फुलांचा सडा आणि मिरची एकही नाही. गमले १२ इंची, त्यात प्लॉटवरची काळी माती आणि शेणखत. छत पश्चिमेचं. दोन वेळा पाणी घालते. चुकतंय कुठे?

गच्चीबाग_राजेंद्रनगर
ताई, फोटो टाका. आणि एक करा, गळलेलं फूल हातात घेऊन बघा. देठ सांध्यापाशी पिवळा पडून अख्खं फूल सुटतंय, की फूल कुरतडल्यासारखं दिसतंय? शेणखताशिवाय दुसरं काही घालताय का तेही सांगा. पानं 'गर्द' हिरवी म्हणालात, मला तिथेच शंका येतेय.

हिरवा_ठेचा
माझं मत, ही रोपं काढून टाका आणि जूनच्या शेवटी नव्याने पेरा. उन्हाळ्यातलं रोप थकलेलं असतं, त्याच्यावर मेहनत घालण्यात अर्थ नाही. मी दरवर्षी असंच करतो.

निमाडची_वाट
उपटू नका! ताई, काही झालं तरी उपटू नका.

आमची शेती बेडियाच्या बाजूला आहे, सनावदहून फार लांब नाही. तुमचे बाबा ज्या बाजारातून पुडी आणत असतील तो कदाचित आमचाच. मिरची हीच आमची रोजी-रोटी, म्हणून सविस्तर लिहितो.

मिरचीला ऊन आवडतं हे खरं, पण फूल धरायचं तिचं गणित वेगळं आहे. दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रही २४-२५ च्या खाली उतरेना, की परागकण नासतात. फूल उमलतं, पण फळ धरत नाही, मग झाड ते फूल टाकून देतं. आजारी आहे म्हणून नाही, पोसता येणार नाही ते सोडून जीव वाचवावा म्हणून. इंदुरात मे महिन्यात दुपार चाळिशीच्या पुढे, आणि तुमची पश्चिमेची फरशी रात्री दहापर्यंत तापलेली. माळव्याच्या रात्री गार म्हणून लोकांनी गुण गायलेत, पण सिमेंटच्या छतावर त्या उशिराच पोचतात.

आमच्याकडे खरिपाच्या मिरचीची रोपं मे-जूनमध्ये टाकतात आणि पाऊस लागला की लावण करतात. लाल मिरची उतरते ती दिवाळीच्या पुढे. तेव्हा बडवाहहून खरगोनकडे या, शेतांत लाल चादरी पसरलेल्या दिसतील. म्हणजे तुमच्या झाडाची खरी वेळ अजून आलेलीच नाही. त्याला जूनपर्यंत फक्त जगवा.

हिरवा_ठेचा
निमाडची वाट, पटलं. बाजारच्या बियाण्याचं रोप आणि हे रोप एक नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

लोकमान्यनगरचं_छत
सगळ्यांचे आभार. फूल देठासकट सुटतंय आणि सांधा पिवळाच आहे. कुरतडलेलं नाही.

खताचं सांगायचं राहिलं. नर्सरीतून पांढरे दाणे दिले होते, 'याने झाड जोमात येईल' म्हणाले. दर आठवड्याला प्रत्येक गमल्यात एक चमचा घालते. तो युरिया असावा.

गच्चीबाग_राजेंद्रनगर
वाटलंच होतं. आजपासून युरिया बंद, पूर्ण बंद. गमल्यातल्या मिरचीला दर आठवड्याला चमचाभर युरिया म्हणजे अतिच झालं. नत्र जास्त झालं की झाड पानंच पानं काढतं, फुलं टिकवत नाही. वर कोवळी लुसलुशीत पानं किडींना आमंत्रण देतात ते वेगळंच. दोन सकाळी सलग गमल्याच्या बुडातून पाणी वाहीपर्यंत भरपूर पाणी द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील. हे नर्मदेच्या पाण्याने करा. बोअरचं पाणी वापरत असाल तर गमल्याच्या काठावर पांढरी खपली धरली असेल, ती खरवडून काढा.

पुढे खत म्हणून महिन्यातून एकदा दोन मुठी कंपोस्ट पुरे. आणि कंपोस्ट करायला इंदूरकरांनी कुणाकडे पाहायची गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. शेतातला पालापाचोळा, काड्या, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, थोडी राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ठरलेल्या दिवसांनी ढीग उलथायचा, ही पद्धत त्यांनी इथे बसवली. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. आपल्या गावचं नाव खताच्या ढिगाला लागलंय याचा मला फार अभिमान आहे. मी छतावर जुन्या माठात तेच करते. एक थर ओला कचरा, दोन थर वाळकी पानं, वर मूठभर जुनं खत, आठवड्याला एकदा काठीने खालवर. अडीच-तीन महिन्यांत काळंभोर, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचं खत मिळतं. आंबूस वास आला तर समजा ओलं जास्त झालंय, वाळकी पानं वाढवा.

बडोद्याची_ताई
मी वडोदऱ्याची. आमचा मे तुमच्यापेक्षा कणभर जास्तच तापतो. मी काय करते सांगते.

जुनी सुती साडी. हिरवी जाळीही मिळते, पण साडी हलकी, हवा खेळती राहते आणि वाऱ्याने फडफडली तरी फांदी मोडत नाही. दोरीवर टाकून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच फक्त पश्चिमेची बाजू झाकायची. सकाळचं ऊन पूर्ण मिळू द्यायचं. मातीवर चार बोटं वाळक्या पानांचा थर, गमल्याखाली दोन विटा, म्हणजे फरशीची धग मुळांना लागत नाही. विटांनी माझ्याकडे जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच खताने पडला नाही.

पाणी दोन वेळा ठरवून नको. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच. आणि नुसती काळी माती गमल्यात कधीच घालू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाडी वाळू किंवा कोकोपीट.

निमाडची_वाट
ताईंशी सहमत. पण माती आत्ता बदलू नका, या उन्हात मुळं हलवली तर रोप मान टाकेल. पहिले दोन-तीन पाऊस होऊ देत, ढगाळ दिवस बघून संध्याकाळी मोठ्या गमल्यात हलवा.

लोकमान्यनगरचं_छत
आईची जुनी नऊवारी काढली, विटा लावल्या, युरिया कोपऱ्यात ठेवून दिला.

आणखी एक विचारायचं होतं. मुलाच्या हट्टाने ऑनलाइन 'भूत जोलोकिया' म्हणून बी मागवलं होतं, दहा बियांना बरेच पैसे घेतले. पाच दिवसांत सगळं उगवलं. दोन रोपं ठेवलीत, त्यांनाही फुलं आलीत. ही खरीच जोलोकिया आहे का हे फळ येण्याआधी कळतं का?

ग्वाल्हेरी_थंडी
कळतं. पाच दिवसांत उगवलं म्हणालात तिथेच मला शंका आली. जोलोकिया उगवायला फार वेळ घेते. माझ्याकडे ओल्या फडक्यात, उबेला ठेवूनही तीन आठवडे लागले होते.

आता फूल बघा. आपल्या रोजच्या मिरचीला बेचक्यात बहुधा एकच फूल येतं, पांढरंशुभ्र. जोलोकिया कॅप्सिकम चायनेन्से जातीतली, तिच्या एका बेचक्यात दोन-तीन फुलं एकत्र लटकतात. पाकळी हिरवट झाक असलेली, मळक्या पांढऱ्या रंगाची, आत परागकोश जांभळट. आणखी एक पक्की खूण फळ धरल्यावर दिसते. फळाच्या डोक्यावर जी हिरवी टोपी असते, ती देठाला मिळते तिथे दोऱ्याने आवळल्यासारखी कडी असते. साध्या मिरचीला ती नसते. पानही रुंद आणि सुरकुतलेलं असतं.

लोकमान्यनगरचं_छत
आत्ताच टॉर्च घेऊन वर जाऊन आले. एका बेचक्यात एकच फूल, पांढरंशुभ्र. पान अरुंद, गुळगुळीत. मुलगा हिरमुसला.

ग्वाल्हेरी_थंडी
त्याला सांगा, मी अस्सल बी पाठवतो. माझं रोप आता तिसऱ्या वर्षात आहे. मिरची वर्षभराचंच पीक असा लोकांचा समज असतो, पण थंडीपासून जपलं तर ती कैक वर्षं जगते. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा कधी कधी दोन-तीन अंशांवर येतो, तेव्हा मी ते फांद्या छाटून, वीतभर खोडावर आणून जिन्याखाली ठेवतो. पाणी जवळजवळ बंद. होळीच्या सुमारास त्याच वाळक्या दिसणाऱ्या खोडाला मोहरीएवढे हिरवे डोळे फुटतात. इंदुरात थंडी कमी, तुम्हाला नुसता आडोसा पुरेल. ताई, तुमच्या चारही रोपांना हे लागू आहे. वर्ष संपलं म्हणून झाड संपलं असं नाही.

आणि त्याला हेही सांगा की २००७ साली गिनीजने जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून आपल्या ईशान्येच्या जोलोकियाची नोंद केली होती, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. पुढे कॅरोलिना रीपर आली, २०२३ मध्ये पेपर एक्सने तिलाही मागे टाकलं. पण वासाच्या बाबतीत जोलोकियाच्या जवळ येईल अशी मिरची मी अजून खाल्लेली नाही. कापली की आधी पिकलेल्या फळाचा गोड दरवळ येतो, जाळ नंतर.

हिरवा_ठेचा
कापायचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हातमोजे घालूनच. मी एकदा नुसत्या हाताने कापून तासाभराने डोळा चोळला आणि अख्खी दुपार बेसिनशी काढली. नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तिखटपणाचं द्रव्य पाण्यात विरघळतच नाही. आधी हाताला गोडं तेल चोळायचं, मग साबण. तोंड भाजलं तर पाणी नको, दही किंवा दूध. आणि बी काढली की तिखटपणा गेला असं समजू नका. तिखट बीत नसतं, बी ज्याला चिकटलेली असते त्या आतल्या पांढऱ्या गरात असतं.

लोकमान्यनगरचं_छत
जुलैचा दुसरा आठवडा. मंडळी, धरली!

पाऊस लागल्यावर सांगितल्याप्रमाणे रोपं १४ इंची गमल्यात हलवली. दहा-बारा दिवस काहीच नाही. मग परवा सकाळी पाकळ्या वाळून गेलेल्या एका फुलाच्या जागी गव्हाच्या दाण्याएवढी हिरवी मिरची, सरळ उभी. आज मोजल्या, चार झाडांवर मिळून ३१. आईला हाताला धरून वर नेलं. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अशाच उभ्या असायच्या गं."

बडोद्याची_ताई
डोळे भरून आले वाचून. दृष्ट काढा त्यांची.

गच्चीबाग_राजेंद्रनगर
फार छान. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुलांच्या फांद्यांना बोटाने हलकी टिचकी मारत जा. मिरची आपल्याच परागांवर धरते, फक्त पराग हलायला हवेत. पावसाळी कुंद हवेत वारा नसला की ही टिचकी कामाला येते.

लोकमान्यनगरचं_छत
ऑगस्ट. आनंद फार टिकला नाही. पानं मुडपायला लागलीत, पण चारही झाडांवर सारखी नाहीत. दोन झाडांची पानं कडांनी वर वळलीत, नावेसारखी, मागच्या बाजूला चंदेरी चट्टे. एकाची पानं खाली वळलीत, लांबुडकी झालीत. चौथ्याचं मला फार वाईट वाटतंय. त्याचे शेंडे बारीक बारीक पिवळट पानांचा गुच्छ झालेत आणि नवी वाढ थांबलीय. फोटो टाकतेय.

निमाडची_वाट
फोटो बघितले. तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरजच नव्हती.

पान वर वळतं ते फुलकिड्यांमुळे. खाली वळतं ते कोळी नावाच्या किडीमुळे (माइट), तो इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. या दोन्हीत झाड वाचतं. आधी जोरदार पाण्याची धार, पानांच्या पाठीवर, दोन दिवस लागोपाठ. मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, एक लिटर पाण्याला ५ मिली, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार थेंब, नाहीतर तेल वर तरंगत राहील. दर पाच-सहा दिवसांनी, तीन वेळा. कोळीवाल्या झाडाला तेवढ्याने उतार पडला नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक, पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणात. पण तेल मारल्यावर दोन-तीन आठवडे गंधक नको आणि कडक उन्हात तर नकोच, पानं भाजतात.

चौथं झाड बोकड्याचं आहे. चुरडा-मुरडा म्हणतात तो. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्याला औषध नाही. माशी त्या झाडाचा रस पिऊन शेजारच्या झाडावर बसली की तेही गेलं. ताई, मे महिन्यात मीच लिहिलं होतं की काही झालं तरी उपटू नका. आज मीच सांगतो, हे एक काढा. आजच काढा.

आमच्या शेतात एका वर्षी चार-पाच झाडांवर बोकड्या दिसला. वडील म्हणाले, फुलावर आलेलं झाड कसं उपटायचं, थोडे दिवस बघू. महिन्याभरात अर्धं शेत गेलं. त्या वर्षी मंडीत न्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

लोकमान्यनगरचं_छत
काढलं. उपटण्याआधी त्यावर प्लास्टिकची पिशवी घातली, म्हणजे माशा उडून दुसरीकडे बसणार नाहीत. मुळाला अजून बाबांच्या डबीतल्या बीबरोबर पेरलेल्या कोकोपीटचा गोळा तसाच होता. कचरागाडीत वेगळं बांधून दिलं, कंपोस्टच्या माठात टाकलं नाही. पिवळे चिकट कागद टांगलेत.

गच्चीबाग_राजेंद्रनगर
बरोबर केलंत. आता एक महत्त्वाचं, बी धरायचंय ना? शेजारी ती दोन 'जोलोकिया' नावाची झाडं आहेत. मधमाश्या एकीचा पराग दुसरीवर नेतात. शेजारच्या झाडामुळे यंदाच्या मिरचीची चव बदलत नाही, लोक उगाच तसं म्हणतात. फरक पडतो तो आतल्या बीत. पुढच्या वर्षी ती बी पेरलीत तर बाबांची लवंगी न येता भलतंच काही येईल.

म्हणून प्रत्येक झाडाची एक फांदी निवडा, त्यावरची उमललेली फुलं आणि आधीच्या मिरच्या काढून टाका, फक्त मिटलेल्या कळ्या ठेवा. त्यावर मलमलची पिशवी बांधा. रोज बाहेरूनच टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधा. बी फक्त दोरावाल्या मिरच्यांची.

निमाडची_वाट
आणि झाडावरच पूर्ण लाल होऊन सालीला सुरकुती पडू द्या, घाई नको. बी सावलीत वाळवा. नखाने दाबल्यावर वाकली तर अजून ओली आहे, कटकन मोडली तर भरायला तयार.

लोकमान्यनगरचं_छत
दिवाळी होऊन आठवडा झाला. तीनही झाडं उभी आहेत. नवीन पानं सपाट, स्वच्छ.

लाल दोऱ्याच्या ११ मिरच्या उतरवल्या. हातमोजे घालून आईनेच चिरल्या, मला हात लावू दिला नाही. पहिल्या मिरचीत ३४ बिया निघाल्या. सगळ्या वर्तमानपत्रावर पसरल्यात, पंख्याखाली नाही, देवघराच्या कोपऱ्यात. भाऊबीजेला बिनदोऱ्याच्या मिरच्यांचा ठेचा केला. लसूण, शेंगदाणे, खडेमीठ, लोखंडी तव्यावरच वाट्याने रगडून. भावाला पहिल्या घासालाच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, तरी भाकरीबरोबर परत परत घेत राहिला. त्याच्या ताटात आईने मिठाशेजारी एक अख्खी मिरचीही ठेवली होती.

ग्वाल्हेरहून बी पोचलं. मुलाने ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या मागच्या बाजूला उबेला ठेवलंय, रोज उघडून बघतो. त्याला तीन आठवडे सांगितलेत.

निमाडची वाट, तुम्हाला एक विचारायचंय. बाबांची ती ७ बी मी पेरणार नाही, डबीतच राहू देणार आहे. पण या नव्यातली थोडी सनावदकडे परत जावी असं आईच्या मनात आहे. तुमच्या शेतात लावाल का?

निमाडची_वाट
बांधाच्या कडेला, विहिरीजवळ, मिरचीच्या वाफ्यांपासून लांब लावतो, म्हणजे मिसळणार नाही. पत्ता निरोपात टाकलाय. बी कागदाच्या पुडीत पाठवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. पुडीवर नाव तेच लिहा.